‘इतक्यांत मला जाग आली’

शाळेंत निबंध तपासतांना एक शेवट मला हटकून भेटे. नायक संकटांत सांपडला आणि पुढें कांहीं सुचेनासें झालें, कीं मुलगा लिहून मोकळा होई, “इतक्यांत मला जाग आली.” तेथें मी गुण कापीत असें. अमेरिकेंतील ‘डॅलस’ या दूरचित्रवाणी-मालिकेच्या कर्त्यांनीं नेमकें हेंच केलें.

टेक्सासमधील तेलाच्या धंद्यांत धनाढ्य झालेल्या एका कुटुंबाची ही कथा १९७८ सालीं सुरू झाली. त्यांतील सज्जन धाकट्या बॉबीची भूमिका करणारे पॅट्रिक डफी मालिका सोडून जाऊं लागले, तेव्हां १९८५ सालीं बॉबीचा मृत्यु दाखविण्यांत आला. त्यास परगांवीं धाडतां आलें असतें. पण परतीची वाट कोणी राखली नाहीं. वर्षभरानें डफी परतले. मग बॉबीची पूर्वपत्नी पॅम सकाळीं उठून पाहते, तों तो न्हाणीघरांत उभा! मधले ३१ भाग तिचें स्वप्न ठरले. त्यांतील लग्नें, भांडणें, शोक, सारें रद्द! याच कथेंतून निघालेल्या ‘नॉट्स लँडिंग’ मालिकेंत मात्र भाऊ गॅरी त्याचा शोक करून चुकला होता. तेथें बॉबी मेलेलाच राहिला.

‘डॅलस’ पुढें १९९१ पर्यंत चालली. परंतु पंगतीस बसलेल्याचें ताट एकदां उचललें, कीं पुढचा घांस तो निःशंकपणें घेत नाहीं. कथा कल्पितच असते. तथापि तींत घडलेलें तें घडलेलेंच राहील, एवढ्या भरंवशावर आपण परक्याच्या दुःखानें डोळे पुसतों. तो भरंवसा मोडणाऱ्या लेखकाचे गुण मी आजही कापीन.