नेट संथ चालतेय? आधी निदान, मग उपाय

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरने जगभरातील संगणक बंद पाडले. नवी मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनललाही त्याचा फटका बसला. आपली द्राक्षे, कांदा याच बंदरातून परदेशी जातात. युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमधून ते शिरले आणि नेटवर्कभर पसरले. म्हणून शेतकरी गटाच्या कार्यालयातील संगणक संथ झाला, तर पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. त्याच वाय-फायला मोबाईल जोडा. त्यावरही नेट संथ असेल, तर राउटर मिनिटभर बंद ठेवून सुरू करा. मोबाईलवर नीट चालत असेल, तर दोष संगणकात आहे.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क’ रकान्यावर क्लिक करा. सर्वाधिक नेट वापरणारा प्रोग्रॅम वर दिसेल. विंडोज अपडेट सुरू असेल, तर ते पूर्ण होऊ द्या.

३. नको असलेला प्रोग्रॅम सेटिंग्जमधील ‘अ‍ॅप्स’मधून अनइन्स्टॉल करा. नावाची खात्री नसेल, तर जाणकाराला विचारा.

४. शेवटी ‘विंडोज सिक्युरिटी’मधून पूर्ण स्कॅन करा. वेग वाढवण्याचा दावा करणारी फुकट सॉफ्टवेअर घेऊ नयेत. नको असलेले प्रोग्रॅम बहुधा त्यांच्यासोबतच येतात.

फवारणीच्या नोंदी आणि बिले दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्यावीत व तो काढून ठेवावा. संगणकाला जोडलेला राहिल्यास त्यावरील नोंदीही जाऊ शकतात.