पाच माणसं की सात?

अमेरिकेतल्या एका रुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णाचा चार्ट मेडिकल कोडरच्या, म्हणजे निदानांना बिलासाठी कोड लावणाऱ्याच्या, पडद्यावर उघडलेला आहे. रक्त-लघवीचे रिपोर्ट, परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा तक्ता आणि शेवटी डिस्चार्ज समरी. अर्धा तास वाचून झाल्यावर गाडी एका शब्दावर अडते: ‘युरोसेप्सिस’. डॉक्टरांच्या तोंडी हा शब्द सर्रास असतो. पण तिकडच्या आयसीडी-१०-सीएम या कोडसंचात त्याला कोडच नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग एवढंच म्हणायचं असेल तर एन३९.०. सेप्सिस झाला असेल तर कोड निराळा आणि रुग्णालयाला मिळणारी रक्कमही निराळी. कोडरला फरक कळतो, रिपोर्टही समोर असतात, तरी अंदाजाने ठरवायची मुभा नाही. डॉक्टरलाच विचारायचं. मग ‘क्वेरी’ जाते आणि चार्ट ‘होल्ड’वर पडतो. दिवसाच्या टार्गेटमध्ये त्या अर्ध्या तासाची जमा शून्य.

कोडिंग विभागात माणसं किती हवीत याचा हिशेब नेमका अशा शून्यांपाशी चुकतो.

हा विभाग रुग्णाच्या नजरेला कधी पडत नाही, पण पैसा तिथूनच सुटतो. मेडिकेअर या सरकारी विमायोजनेने १ ऑक्टोबर १९८३ पासून दाखल रुग्णांचं बिल आजाराच्या गटानुसार, म्हणजे डीआरजीप्रमाणे चुकवायला सुरुवात केली. गट ठरतो कोडवरून. कोड नाही तर बिल नाही. पुढे १ ऑक्टोबर २०१५ ला जुना कोडसंच गेला आणि निदानाचे कोड सुमारे १४,००० वरून ६८,००० च्या घरात पोचले. कोंबडीने चोच मारून झालेल्या दुखापतीलाही त्यात स्वतंत्र कोड आहे! यातलं बरंच काम आता भारतात होतं. पुण्यात, नवी मुंबईत बी.फार्म. किंवा बीएचएमएस झालेली अनेक मुलं-मुली दिवसभर, कधी रात्रभर, हेच चार्ट वाचत असतात.

आता हिशेब मांडू. समजा, एका मध्यम रुग्णालयातून वर्षाला १२,००० दाखल रुग्ण घरी जातात आणि एका चार्टला सरासरी ३० मिनिटं लागतात. झाले ६,००० तास. त्याच दिवशी घरी सोडायच्या शस्त्रक्रिया ६,०००, प्रत्येकी १२ मिनिटं, म्हणजे १,२०० तास. तातडीच्या विभागातले आणि इतर बाह्यरुग्ण ४०,०००, प्रत्येकी ६ मिनिटं, म्हणजे ४,००० तास. एकूण ११,२००. आठवड्याचे ४० तास आणि ५२ आठवडे धरले तर पूर्णवेळ माणसाचे वर्षाला २,०८० तास होतात. भागाकार केला की उत्तर ५.४. पाच जण पूर्णवेळ, एक अर्धवेळ. साहेबांची सही घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

पण २,०८० तास काम करणारा माणूस कुणी पाहिलाय? वर्षात १५ दिवस रजा, १० सार्वजनिक सुट्ट्या, ५ दिवस आजारपण धरलं तर २४० तास इथेच गेले. उरले १,८४०. त्यातही क्वेरी पाठवायची, तिच्या उत्तराचा पाठपुरावा करायचा, उत्तर आलं की विसरलेला चार्ट पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. शिवाय मीटिंग, प्रशिक्षण, ऑडिटरने काढलेल्या चुकांना उत्तरं, मधूनच बंद पडणारी सिस्टिम. यासाठी १५ टक्के वेळ बाजूला काढला तर प्रत्यक्ष कोडिंगला १,५६४ तास राहतात. आता भागाकार करा: ७.२. चार्ट तेच, मिनिटं तीच, माणसं जवळपास दोनने वाढली.

इथे एक चूक हमखास होते. १५ टक्के वेळ जातो म्हणून माणसं १५ टक्क्यांनी वाढवली जातात. खरं तर संख्येला ०.८५ ने भागायला हवं, म्हणजे वाढ साडेसतरा टक्क्यांहून थोडी जास्त येते. परिचारिका आणि डॉक्टर किती हवेत हे काढण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी पद्धत दिली आहे, तीही असा सामायिक वेळ भागाकारानेच हिशेबात घेते. सात जणांच्या विभागात हा फरक जाणवत नाही. पन्नास जणांच्या विभागात मात्र एक अख्खा माणूस कमी पडतो आणि तो का कमी पडला हे कुणाच्याच ध्यानात येत नाही.

सरासरीने तरी कधी भागतं? रुग्णालय शनिवार-रविवारी बंद नसतं. कोडर सोमवार ते शुक्रवार येत असतील तर सोमवारी सकाळी दोन दिवसांचा ढीग तयारच असतो. दर ऑक्टोबरला नवे कोड लागू होतात आणि दाखल रुग्णाच्या बाबतीत तारीख डिस्चार्जची बघायची असते. सप्टेंबरात आलेला माणूस ऑक्टोबरात घरी गेला की त्याला नवा संच. त्या आठवड्यांत मुरलेल्या कोडरचाही हात अडखळतो. नवशिक्याला तर पूर्ण वेगावर यायला महिने लागतात, आणि तोवर त्याचे चार्ट तपासायला दुसऱ्याचा वेळ जातो. कागदावर मात्र दोघंही एकेकच मोजले जातात. अचूकता ९५ टक्क्यांखाली जाऊ द्यायची नाही हा या धंद्यातला रूढ दंडक, त्यामुळे नुसता वेग वाढवा म्हणणंही महागात पडतं.

अलीकडे सॉफ्टवेअर साधे चार्ट स्वतःच कोड करू लागलंय. एक्स-रेसारख्या सरधोपट नोंदींना माणसाचा हात कमी लागतो. मग वरून सूचना येते, चार्ट कमी झाले, माणसं कमी करा. पण कोडरकडे उरतात ते चार्ट कसले? महिनाभर आयसीयूत राहिलेला, तीनदा शस्त्रक्रिया झालेला, सात डॉक्टरांनी सात प्रकारे लिहून ठेवलेला रुग्ण. जुनी ३० मिनिटांची सरासरी सोप्या आणि अवघड चार्टांची मिसळ होती. सोपे निघून गेले की तोच आकडा चालवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. शंभर-दीडशे चार्ट पुन्हा घड्याळ लावून मोजावे लागतात, आणि होल्डवर गेलेल्या चार्टांची मिनिटंही त्यात धरावी लागतात.