चाकांची धांव

घरांत नवें लुगडें घ्यावयाचें असो वा नवें भांडें, चार माणसें बसून विचार करतात. परंतु ज्या चाकांवर त्याच घरांतील माणसें रोज घाट चढतात आणि उतरतात, त्या चाकांच्या टायरांची निवड बहुधा दुकानाच्या पायरीवर, पांच मिनिटांत आणि दुकानदाराच्या शब्दावर होते. आमच्या कुटुंबांतही दोन वर्षांपूर्वींपर्यंत हीच रीत होती. ती कां मोडली आणि मोडतांना आम्हीं काय शिकलों, हें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

आमचे धाकटे बंधु बुलढाणा जिल्ह्यांत, चिखली तालुक्यांत, घरची शेती पाहतात. बाजारांत सोयाबीन व तूर नेणें, खत-बियाणें आणणें आणि वेळप्रसंगीं आजारी माणसास दवाखान्यांत पोंचविणें, हीं सारीं कामें एका पिकअप गाडीकडे आहेत. हा जिल्हा म्हणजे जणूं दुमजली घर. वर बुलढाणा, चिखली, मेहकर यांचा बालाघाट. खालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव यांचा पूर्णाकांठचा पायनघाट. बुलढाण्याहून मलकापुराकडे उतरणारा राजूर घाट हा या दोन मजल्यांमधला एक जिना होय.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत याच जिन्यावर आमची गाडी घसरली. मागचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते. "एवढा हंगाम निघेल," असें बंधु म्हणाले होते. गाडी रिकामी, रस्ता ओला, वळण उताराचें. ब्रेक दाबतांच मागची बाजू बाजूस सरकली आणि गाडी कठड्यास जाऊन टेकली. वहिनींच्या मनगटाचें हाड मोडलें. बाकी सर्व ईश्वरकृपेनें वांचले. कठडा नसता तर काय झालें असतें, याचा उच्चार त्या दिवशीं कोणींच केला नाहीं.

पुढें नव्या टायरांचा प्रश्न निघाला, तेव्हां घरांत तीन पक्ष पडले. बंधूंचें म्हणणें, जुन्याच टायरांवर नवें रबर चढवून घ्यावें, पैसे वांचतील. चिरंजीव पुतण्यानें कोठेंसे चित्र पाहिलें होतें. त्यास मोठमोठ्या ठोकळ्यांचे, चिखलासाठीं म्हणून विकले जाणारे रुंद टायर हवे होते. वहिनी हात गळ्यांत बांधून बसल्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, आपली गाडी जाते कोठें, तें आधीं महिनाभर लिहून ठेवूं. लुगडें घेतांनाही अंगाचें माप घेतात."

हें बोलणें सर्वांस पटलें. किराण्याच्या वहीच्या मागल्या पानांवर रोजची नोंद होऊं लागली. महिन्याच्या अखेरीस हिशेब केला तो असा: दहा हिश्शांतले सात हिस्से डांबरी रस्ता, अडीच हिस्से मुरुमाचा व खडीचा रस्ता, आणि उरलेला अर्धा हिस्सा शेतांतली पांदण, म्हणजे निव्वळ काळी माती. पुतण्याचे टायर या अर्ध्या हिश्शासाठीं होते. गाडी घसरली होती ती मात्र सात हिश्शांत.

येथें टायरांच्या जातींविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बैलगाडीच्या चाकावर लोहार जी लोखंडी पट्टी तापवून बसवीत असे, तिला आपल्याकडे 'धांव' म्हणत. बेलफास्टचा पशुवैद्य जॉन डनलॉप यानें इ. स. १८८८ मध्यें हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें. रबरी चाकांच्या बैलगाडीस आपले शेतकरी 'डनलॉप गाडी' म्हणतात तें त्यावरूनच. आज पिकअपसाठीं या धांवेचे मुख्य तीन प्रकार मिळतात. पहिला रस्त्याचा: खांचा अरुंद, रबर रस्त्यास पुष्कळ टेकतें, आवाज व डिझेलचा खर्च कमी, ओल्या डांबरावर पकड चांगली. दुसरा चिखलाचा, दुकानांत ज्यास 'एम. टी.' म्हणतात तो: ठोकळे मोठे, खांचा रुंद व खोल, परंतु डांबरास टेकणारें रबर थोडें असल्यामुळें ओल्या रस्त्यावर गाडी उशिरां थांबते. तिसरा या दोहोंमधला, 'ऑल-टेरेन' किंवा 'ए. टी.'. त्याचे ठोकळे मध्यम असतात आणि खडीच्या धारेनें वा बाभळीच्या कांट्यानें सहज फाटूं नये म्हणून त्याची बांधणी बहुधा अधिक भक्कम असते. मात्र ओल्या डांबरावर तोही पहिल्या प्रकाराची बरोबरी सहसा करीत नाहीं.

मग आमच्या काळ्या मातीस चिखलाचा टायर कां नको? कारण ही माती साधा चिखल नव्हे. तिच्यांतील चिकण अंश पाणी पिऊन फुगतो आणि कणकेसारखा चाकास चिकटतो. चाक वेगानें फिरून ती माती भिरकावील तेव्हांच खांचा मोकळ्या राहतात; भरलेली गाडी पांदणींत तसा वेग घेऊं शकत नाहीं. खांचा भरल्या कीं दहा हजारांचा टायर आणि झिजलेला टायर यांत भेद उरत नाहीं. मोठा पाऊस झाल्यावर या मातींत मागच्या चाकांनीं चालणारी भरलेली पिकअप नेऊं नये, हेंच खरें उत्तर आहे. गाडी मुरुमावर उभी करावी आणि माल बैलांकडून तेथवर आणावा. आमच्याकडे आतां असेंच होतें.

विचाराचा गाभा येथेंच आहे. चिखलांत गाडी अडते. घाटांत ती थांबत नाहीं. अडलेल्या गाडीनें अर्धा दिवस जातो, न थांबणाऱ्या गाडीनें माणूस जातें. म्हणून टायर निवडतांना जेथें वेळ जाईल त्या जागेचा विचार मागाहून, आणि जेथें जीव जाईल त्या जागेचा आधीं करावा. आमच्या मुरुमाच्या व खडीच्या अडीच हिश्शांत रस्त्याचा साधा टायर वारंवार फाटे. म्हणून आम्हीं ए. टी. घेतला, परंतु त्यांतही रस्त्याकडे झुकणारा, दाट ठोकळ्यांचा.

दुकानांत जाण्यापूर्वीं टायराच्या अंगावरील लिपि वाचतां आली पाहिजे. समजा, '२१५/७५ आर १५' असे आंकडे आहेत. २१५ ही मिलिमीटरांत रुंदी. ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा ७५. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. आणि १५ इंच हा आंतल्या लोखंडी चक्राचा व्यास. त्याच चक्रावर कोणीं हौसेनें २३५/७५ चा टायर चढविला, तर चाकाचा व्यास सुमारें ७०४ मिलिमीटरांचा ७३४ होतो. मग वेगाचा कांटा १०० दाखवीत असतांना गाडी खरोखर १०४ च्या वेगानें धांवते, आणि वळतांना टायर मडगार्डास घांसण्याचा संभव असतो तो निराळाच. निर्मात्यानें ठरविलेल्या रचनेंत मनास येईल तसा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचाही प्रतिबंध आहे. तेव्हां गाडीच्या पुस्तिकेंत जें माप असेल तेंच घ्यावें.

त्या मापापुढें भाराचा आंकडा असतो. १०० म्हणजे एका टायरानें ८०० किलो पेलावे; १०८ म्हणजे १००० किलो. पुस्तिकेंत सांगितलेल्याहून हा आंकडा कमी असलेला टायर कितीही सुंदर दिसला तरी मालाच्या गाडीस घेऊं नये. आणखी चार आंकडे एका चौकटींत असतात. '२३२५' असे असतील तर तो टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यांत तयार झाला. दुकानांत वर्षानुवर्षें पडून राहिलेलें रबर कडक होतें. म्हणून ही जन्मतिथि पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. आय. एस. आय. ची खूणही पाहावी. कांहीं टायरांवर तीन शिखरें व हिमकण यांचें चित्र असतें. तें बर्फांतल्या पकडीचें प्रशस्तिपत्र आहे, आणि चिखली-मेहकरकडे त्याचे अधिक पैसे मोजण्याचें कांहीं कारण नाहीं.

निवडीइतकेंच महत्त्व पुढच्या निगेस आहे. खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें, म्हणजे खांच १.६ मिलिमीटरच उरली, कीं टायर बदललाच पाहिजे. पावसाळ्यापूर्वीं तर त्याच्याही आधीं बदलावा. दोनच नवे घेण्याचें सामर्थ्य असेल तर ते मागें बसवावे, कारण रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते आणि तीच आधीं घसरते. हवा गाडी थंड असतांना मोजावी. भरलेल्या व रिकाम्या गाडीसाठीं पुस्तिकेंत जे आंकडे दिले असतील ते पाळावे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यास दबतो व तापतो. मेहकर व सिंदखेडराजा या तालुक्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाल्यापासून आमच्याकडील गाड्याही कांक्रीटवर तासन् तास एका वेगानें धांवूं लागल्या आहेत; वैशाखांतल्या उन्हांत, भार असतांना, कमी हवेनें असें धांवणें म्हणजे फुटण्यास आमंत्रण देणेंच आहे. आणि स्टेपनीची हवा पाहण्याचें विसरूं नये. ती ज्या दिवशीं लागते त्या दिवशींच नेमकी बसलेली असते.

बंधूंनीं शेवटीं चारही टायर नवे घेतले. खर्च पाहून त्यांनीं एक सुस्कारा टाकला, पण त्या मनगटाकडे पाहून ते पुढें कांहीं बोलले नाहींत. पुतण्या कांहीं दिवस रुसला. यंदाच्या श्रावणांत त्याच घाटांतून, त्याच वळणावरून, आम्हीं सर्व शेगांवास जाण्यासाठीं उतरलों, तेव्हां गाडी तोच चालवीत होता. वळणाच्या पुष्कळ आधीं त्यानें वेग कमी केला. वहिनींनीं कठड्याकडे एकदां पाहिलें आणि मांडीवरची वही मिटली. नोंद अजून चालू आहे. आतां ती त्या पुतण्याकडूनच लिहवून घेतात.