समाजशास्त्र पाठ्यपुस्तकाबाहेर केव्हा पडणार?

कला शाखेच्या विद्यार्थ्यांत समाजशास्त्र हा ‘सोपा’ विषय समजला जातो. त्यात गणित नाही, प्रयोगशाळा नाही आणि स्पर्धा परीक्षांना त्याचा थोडाबहुत उपयोगही होतो. ‘हुंडापद्धतीची कारणे व परिणाम सांगा’, ‘ग्रामीण समाजाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ अशा प्रश्नांची उत्तरे गाईडांतून ठरावीक मुद्द्यांत बांधून मिळतात. मुद्दे लिहिले की गुण पडतात. परंतु ज्या समाजाविषयी लिहिले तो आपल्याच घरापासून सुरू होतो, ही जाणीव बहुतेकांना पदवी हाती पडेपर्यंत होत नाही. विषय सोपा झाला आहे तो असा.

यात नुकसान केवळ विद्यार्थ्याचे होते असे नाही. एक उदाहरण पाहू. महाराष्ट्रात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली हा आकडा ९१३ वर आला आणि २०११ च्या जनगणनेत ८९४ वर. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला, हे लक्षात घेता ही घसरण अधिकच अस्वस्थ करणारी आहे. तिची कारणे विचारली, तर ठरावीक उत्तर तयार असते: अज्ञान, दारिद्र्य आणि निरक्षरता. वस्तुस्थिती मात्र या उत्तराच्या विरुद्ध साक्ष देते. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर, सांगली या सधन आणि बागायती जिल्ह्यांत मुलींचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून बरेच खाली होते, तर गडचिरोलीसारख्या गरीब, आदिवासीबहुल जिल्ह्यात ते सरासरीहून वर होते. मुलगी नाकारण्याचे साधन ज्याला परवडते, ज्याच्यापाशी वाटणीला येणारी जमीन आहे, ज्याने कुटुंब लहान ठेवायचे पण मुलगा हवाच असे ठरविले आहे, तोच येथे पुढे आहे. रोगाचे निदान चुकले की औषधही चुकते. निरक्षरतेला दोष देऊन सुशिक्षित माणूस स्वतःची सुटका करून घेतो, आणि पाठ्यपुस्तक त्याला या कामी साहाय्य करते.

या प्रश्नाचा दुसरा पदर आज गावोगावी दिसू लागला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. अनेकांनी तो विनोदाचा विषय केला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्यात एक जुना, गंभीर सिद्धान्त आठवावयास हवा होता. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीचे मूळ अंतर्विवाहात शोधले होते. जात बंद ठेवायची तर तिच्यातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या जुळती राहिली पाहिजे, आणि हे गणित जुळविण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा आल्या, अशी त्यांची मांडणी होती. आज मुलींची संख्या घटली आहे आणि जातीची वेस तशीच आहे. मग हे गणित आता कशाने जुळविले जात आहे? याचे उत्तर कोणत्याही गाईडात नाही. ते गावात जाऊनच शोधावे लागेल.

गावात जाऊन शोधण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. त्याच्याही आधी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर फिरून अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. १७७१ साली सरासरी चाळीस एकर असलेले शेत १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आले होते, आणि केवळ जमिनीवर निभाव लागेल अशी कुटुंबे थोडीच उरली होती. मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पण ‘सुखी, स्वयंपूर्ण खेडे’ या कल्पनेला त्यांच्या तक्त्यांनी जो धक्का दिला, तो पुष्कळ व्याख्यानांनी दिला नसता. आज तेच गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत असून तेथे उंच इमारती उभ्या आहेत. जमिनी कोणी विकल्या, पैसा कोठे गेला, भूमिहीनांचे काय झाले, हे प्रश्न शेजारच्या महाविद्यालयाने नाही विचारायचे, तर कोणी?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील पदवीच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक मिळाले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणून बांधून देण्याची वाट आपल्याला ठाऊक आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाने शंभर विद्यार्थ्यांचे शंभर विषय कसे तपासावेत? यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येक महाविद्यालयाने जवळचे एकच गाव किंवा एकच वॉर्ड निवडावा. सर्वांनी मिळून एका वर्षी जन्मनोंदी पाहाव्यात, दुसऱ्या वर्षी स्थलांतर, तिसऱ्या वर्षी कर्ज. माहिती देणाऱ्यांची नावे गुप्त ठेवावीत. निष्कर्ष मात्र ग्रामसभेत वाचून दाखवावेत आणि कागद ग्रंथालयात जपावेत. दहा वर्षांनी त्या गावाचा जो इतिहास हाती येईल, तो कोणत्याही सरकारी अहवालाहून कमी मोलाचा नसेल.

अर्थात अशा अभ्यासात धोका आहे. नोंदी चाळताना विद्यार्थ्याला स्वतःच्या भावकीची घरे भेटतील. मुलगी का नाही हे विचारताना त्याला आपल्या आईकडेही पाहावे लागेल. पण हा धोका टाळून शिकलेले समाजशास्त्र गुणपत्रिकेपलीकडे जात नाही. जो विषय शिकून माणसाला आपल्या घरातील एकही गोष्ट नव्याने दिसली नाही, तो विषय त्याने शिकलाच नाही, असे म्हणावे लागेल.