सांधा हाताचा, फळी यंत्राची

खणाच्या कोपऱ्यातला डव्हटेल सांधा निरखून पाहिला, तर तो हाताचा की यंत्राचा हे बहुधा तिथेच कळतं. एका फळीच्या टोकाला रुंद होत जाणाऱ्या शेपट्या असतात आणि दुसरीच्या खुंट्या त्यांच्यामधल्या खाचांत बसतात. राऊटर या यंत्राचं फिरतं पातं त्या खाचेतून जातं. त्याची मान एका मर्यादेपलीकडे बारीक केली तर ती मोडते, म्हणून खाचही त्याहून अरुंद होत नाही. करवतीला अशी अडचण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरच्या उंची इंग्रजी खणांत खुंट्या टोकाशी करवतीच्या एका कापाइतक्या निमुळत्या दिसतात. यंत्र सोडून पटाशीकडे वळणाऱ्यांची खरी बाजू मला इथे दिसते: सांध्याचं माप पात्याने ठरवायचं, की लाकूड आणि खण पाहून सुताराने?

यासाठी वीज तोडायची गरज नाही. स्टॉकहोममध्ये कार्ल माल्मस्टेन यांच्या शाळेत शिकलेले फर्निचर कारागीर जेम्स क्रेनॉव्ह (1920–2009) ओंडक्याच्या फळ्या बँडसॉ या विजेच्या करवतीवर पाडत. डव्हटेल सांधे मात्र ते हाताने कापत आणि शेवटचा हात स्वतः घडवलेल्या लाकडी रंध्याने फिरवत. 1976 सालचं त्यांचं ‘अ कॅबिनेटमेकर्स नोटबुक’ आणि 1981पासून कॅलिफोर्नियातल्या फोर्ट ब्रॅगला त्यांनी केलेलं अध्यापन यांतून ही पद्धत एका पिढीत रुजली. फळी चिरणं, जाडी एकसारखी करणं ही अंगमेहनत यंत्राने करावी. त्यात गमावण्यासारखं फारसं काही नाही.

पहिला आक्षेप वेळेचा. स्वयंपाकघराचे चाळीस सारखे खण करायचे असतील तर यंत्रच हवं, यात वाद नाही. पण एकाच पेटीसाठी साचा बसवा, पात्याची खोली जुळवा, टाकाऊ तुकड्यांवर चाचण्या घ्या, एवढं होईपर्यंत सरावलेला हात सांधा कापून मोकळा होतो. मजबुतीचा दावा मात्र हातवाल्यांनी करू नये. नीट बसलेला यंत्राचा सांधाही टिकतो, आणि रेषांच्या दिशेने लावलेला आजचा गोंद लाकडापेक्षा कमी पडत नाही. कारागीर-लेखक डेव्हिड पाय यांच्या 1968च्या ‘द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप’ची साक्षही हाताच्या गौरवासाठी काढली जाते. त्यांनी मांडलेली विभागणी मात्र हात आणि यंत्र अशी नव्हतीच. निकाल आधीच बांधलेला आहे की शेवटच्या क्षणापर्यंत कारागिराच्या हाती आहे, हा त्यांचा प्रश्न होता. चाकूने आखलेल्या रेघेत पटाशीची धार टेकवताना निकाल अजून बाकी असतो, आणि म्हणूनच हे कौशल्य यायला दीर्घ सराव लागतो. दीर्घ सरावाचा हा दुसरा आक्षेप खरा आहे. त्याला पळवाट नाही.

धुळीचा मुद्दा मात्र पुरेसा बोलला जात नाही. इंग्लंडमधल्या हाय विकमच्या फर्निचर कामगारांत नाकाच्या पोकळीतल्या कर्करोगाचं प्रमाण असामान्यपणे जास्त असल्याचं 1960च्या दशकात डॉक्टरांच्या लक्षात आलं. 1995मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. हाताच्या करवतीचाही भुसा पडतो, पण तो जाडसर असतो आणि खाली बसतो. रंध्यातून तर लांब साली निघतात. सर्वांत बारीक धूळ उडते ती सँडिंग मशीनने, आणि धारदार रंधा नेमकं तेच काम पुष्कळसं वाचवतो.

आपल्याकडे घराघरांत होणाऱ्या प्लायवूडच्या कामाला यातलं बरंचसं लागू नाही. प्लायच्या थरांत डव्हटेल कापण्यात अर्थ नाही. तिथे स्क्रू आणि यंत्रच योग्य. पण जुन्या वाड्याच्या तुळईचं सागवान हाताशी असेल आणि करायची असेल एकच पेटी, तर सुताराला राऊटर लावायला सांगण्याआधी तो सांधा हाताने कापतो का, हे विचारावं आणि त्या वेळेचे पैसे वेगळे द्यावेत.