परमनंट झाला का?

बुलढाणा जिल्ह्यात एखाद्या पोराला नोकरी लागली, पेढे वाटून झाले, की ओसरीवर बसलेला एखादा जाणता माणूस हमखास विचारतो, "परमनंट झाला का?" सोयरीक जुळवतानाही हा प्रश्न येतोच. सरकारी कागदावर शब्द असतो 'कायम', लोक म्हणतात 'परमनंट'. नेमणूक म्हणजे बोलावणं आणि कायम होणं म्हणजे घरात घेणं, हा फरक इथल्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. कोरडवाहू शेतीत पावसाचा भरवसा नसतो, म्हणून नोकरीचा भरवसा आधी विचारला जातो.

या प्रश्नाचा माग टपाल, फौज आणि न्यायालय या तीन ठिकाणी काढावासा वाटला. गावाला सरकार भेटतं ते बहुतेक या तिघांच्या रूपात: पत्र आणणारा, सीमेवर जाणारा आणि निवाडा देणारा. अमेरिकेत तर ही तिन्ही माणसं एका सभागृहापुढे येत असत. तिथे १८३६ च्या कायद्यापासून ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या टपाल कचेऱ्यांचे पोस्टमास्तर राष्ट्राध्यक्ष नेमत आणि त्यांना सिनेटची संमती लागे. न्यायाधीश आणि लष्करी अधिकारी यांच्याप्रमाणे छोट्या शहरातल्या पोस्टमास्तरचंही नाव सिनेटपुढे जाई. त्या पद्धतीत पक्षाच्या माणसांची सोय लावण्याचा प्रकार फार होता, म्हणून १९७० च्या टपाल पुनर्रचनेत ती संपली आणि ते योग्यच झालं. पण पोस्टमास्तरचं नाव देशाच्या सभागृहात घेतलं जात होतं, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला राष्ट्रपतींच्या सही-शिक्क्याचा हुकूम मिळतो. सैन्यातल्या अधिकाऱ्याला राष्ट्रपतींचं 'कमिशन' मिळतं. गावच्या पोष्टात बसणाऱ्याला टपाल खात्याच्या विभागीय कचेरीचं पत्र मिळतं. तिघंही काम करतात ते एकाच सरकारच्या नावानं.

नेमणुकीच्या कागदाचं महत्त्व या मातीला नवं नाही. सिंदखेडच्या जाधवांच्या घराण्यानं निजामशाहीचीही चाकरी केली आणि मोगलांचीही, आणि दोन्हीकडे मान मिळवला. त्याच घराण्यातले जिजाऊंचे वडील लखुजी जाधव १६२९ मध्ये दौलताबादला निजामशहाच्या दरबारात मुलांसह मारले गेले. दरबारानं दिलेला मान दरबार एका दिवसात काढून घेऊ शकतो, हे या जिल्ह्यानं इतक्या जवळून पाहिलं आहे. खाली गावपातळीवर देशमुखी, पाटीलकी या वतनांचंही तेच होतं. वतन वंशपरंपरेचं खरं, पण राज्य बदललं की नव्या धन्याकडे नजराणा घेऊन जायचं आणि सनद पुन्हा करून घ्यायची.

१८५३ च्या तहानं हैदराबादच्या निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मुलूख निजामाचा आणि कारभार इंग्रजांचा, अशी ही विचित्र मांडणी १९४७ पर्यंत कागदोपत्री टिकली. इंग्रजांनी पाटील आणि पटवारी यांच्यासाठी १९०० मध्ये वऱ्हाडापुरता स्वतंत्र कायदा केला. वतनदार घराण्याचा हक्क मानला, पण नेमणूक मात्र साहेबाच्या सहीनं. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात महाराष्ट्रानं मुलकी पाटलाचं पद रद्द केलं आणि वंशपरंपरा मोडली. ते मोडायलाच हवं होतं.

आता टपालाकडे येतो. या मागोव्यात माझा जीव सगळ्यात जास्त तिथे गुंततो.

जिल्ह्याचे दोन भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाववरून घाटाखालून जाते. जिल्ह्याचं ठिकाण घाटावर, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा त्याहून पलीकडे. रेल्वेनं आलेल्या पत्राला राजूर घाट चढणं आलंच. मग उपडाकघर, तिथून शाखा डाकघर आणि तिथून वाडी-तांडा. या साखळीतला शेवटचा दुवा टपाल खात्यानं पहिल्यापासून 'खात्याबाहेरचा' ठेवला. ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. खेड्यात पूर्ण वेळचा पोस्टमास्तर परवडत नाही, तेव्हा शाळामास्तर, दुकानदार किंवा एखादा बरा शेतकरी यांना दोन-चार तासांचं काम द्यायचं. स्वतंत्र भारतानं हीच रीत उचलली आणि १९६४ मध्ये तिचे नियम केले. त्यात या माणसांचं नाव पडलं 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंट'. गावात त्याचं झालं 'ईडी'. 'ईडीचा पोष्टमन' म्हटलं की आजही जुन्या माणसांना अर्थ सांगावा लागत नाही.

या नियमांचा पाया नीट पाहिला पाहिजे. उमेदवाराकडे पोट भरण्याचं दुसरं साधन हवं, ही अट होती. पोष्टासाठी जागाही त्यानंच द्यायची. म्हणजे सरकारची कचेरी त्याच्या ओसरीवर: एक पेटी, तारखेचा शिक्का, वजनाचा काटा, बचतीच्या पासबुकांची चळत. सरकारनं भाड्याचा, पेन्शनचा आणि पूर्ण पगाराचा खर्च वाचवला. तो खर्च त्या घरानं उचलला. माणसाला दुसरी कमाई आहे असं आधी त्याच्याकडूनच लिहून घ्यायचं आणि मग त्याच कमाईच्या आधारावर त्याला अर्धवेळ ठेवायचं, हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणतो. कारण काम अर्धं नव्हतं. मुंबई-पुण्याला गेलेल्या लेकाची मनीऑर्डर, बुलढाण्याच्या किंवा मेहकरच्या कोर्टाची नोटीस, सैन्यातल्या पोराचं पत्र, नोकरीचा कॉल हे सगळं याच हातातून गेलं. वाचता न येणाऱ्या म्हातारीला पत्र वाचून दाखवण्याचं काम तर कुठल्याच नियमात नव्हतं.

१९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजम्मा खटल्यात सांगितलं, की ही माणसं नेहमीच्या नोकरशाहीबाहेरची असली तरी संघराज्याखालचं नागरी पद धारण करतात आणि घटनेच्या ३११ व्या कलमाचं संरक्षण त्यांना आहे. म्हणजे चौकशीशिवाय काढता येणार नाही. हा मोठा निकाल होता. पण काढता येत नाही याचा अर्थ कायम झाला, असा खात्यानं घेतला नाही. २००१ च्या नियमांत नाव बदललं आणि 'ग्रामीण डाक सेवक' झालं. मानधनाचं 'टीआरसीए' झालं, म्हणजे कामाच्या तासांशी बांधलेला सातत्य भत्ता. त्याला पगार म्हणत नाहीत.

२०१८ च्या उन्हाळ्यात, २२ मेपासून ६ जूनपर्यंत, देशभरच्या डाक सेवकांनी संप केला. डाक सेवकांच्या सेवाशर्ती तपासणाऱ्या कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ पासून पडून होता, तो लागू करा ही मागणी. विदर्भातलं ते ऊन आणि पेरणीपूर्व मशागतीचे ते दिवस ज्याला माहीत आहेत, त्यालाच या माणसांनी सोळा दिवस काय सोसलं ते कळेल. ६ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली. शाखा पोस्टमास्तरला चार तासांसाठी किमान १२,००० आणि पाच तासांसाठी १४,५०० रुपये, सहायकाला आणि डाक सेवकाला १०,००० आणि १२,०००. देशातली सुमारे १ लाख २९ हजार शाखा डाकघरं आणि तीन लाखांवर माणसं या निर्णयात आली. वाढ खरीच झाली, पण कायमपणाचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. केंद्रीय कर्मचाऱ्यांसारखी पेन्शन नाही आणि वयाच्या ६५ व्या वर्षी काम संपतं.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि डाक सेवकाच्या हाती मोबाइल आणि अंगठ्याचं यंत्र आलं. आता तो दारात उभा राहून आधारवर खात्यातले पैसे देतो. निवड दहावीच्या गुणांवर ऑनलाइन होते आणि मुलाखत नाही. वशिला गेला, ही त्यातली फार मोठी चांगली गोष्ट. पण गुणवत्तेच्या यादीत पहिल्या आलेल्या पोरीच्या आईनं विचारलं, "परमनंट आहे का?", तर उत्तर अजूनही सरळ देता येत नाही.

आता न्यायालयाचं. बुलढाण्याचं अपील नागपूरला जातं. आधी न्यायिक आयुक्तांकडे जाई, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाकडे आणि १९५६ नंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे. इथे कायम होण्याला वेगळंच वजन आहे. घटनेच्या २२४ व्या कलमाखाली उच्च न्यायालयावर दोन वर्षांपर्यंत अतिरिक्त न्यायाधीश नेमता येतो. मूळ हेतू तुंबलेली प्रकरणं उपसण्याचा होता. पुढे ती कायम होण्याआधीची पायरीच झाली.

त्या पायरीवर काय होऊ शकतं, हे नागपूर खंडपीठानं दोनदा पाहिलं. आणीबाणीत उमेश रंगनाथ लळित हे अतिरिक्त न्यायाधीश होते. इंदिरा गांधींच्या सरकारनं त्यांना कायम केलं नाही. दिल्लीत न्या. आर. एन. अगरवाल यांना तर परत जिल्हा पातळीवर पाठवलं. ज्या खुर्चीनं सरकारच्या विरुद्ध निकाल देण्याची हिंमत दाखवायची, तिची दोरी सरकारच्याच हातात होती. लळितांचे चिरंजीव उदय लळित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हा विदर्भातल्या जुन्या वकिलांना वडिलांची गोष्ट आठवली नसेल असं होणार नाही. १९८१ च्या एस. पी. गुप्ता खटल्यात अतिरिक्त न्यायाधीशांना कायम करण्याचाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता आणि त्या वेळी शेवटचा शब्द सरकारचा ठरला. १९९३ मध्ये तो न्यायवृंदाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे आला.

दुसरा प्रसंग २०२१ चा. न्या. पुष्पा गनेडीवाला २०१९ पासून अतिरिक्त न्यायाधीश होत्या. जानेवारी २०२१ मध्ये लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली त्यांनी दिलेले निकाल देशभर टीकेचा विषय झाले. कॉलेजियमनं त्यांना कायम करण्याची केलेली शिफारस मागे घेतली. मुदत दोनऐवजी एक वर्षानं वाढली. त्यांतला एक निकाल सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ ला फिरवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता आणि मुलांच्या संरक्षणाला धोका पोचवणारा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी लळित आणि गनेडीवाला ही दोन प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं, की पहिल्यात कायम न करणं ही राजसत्तेनं दिलेली शिक्षा होती आणि दुसऱ्यात न्यायसंस्थेनं केलेली दुरुस्ती. हत्यार तेच होतं, आणि एकच वाक्य लिहून चालवता येणारं. म्हणून ते चालवताना कारण उघड सांगितलं जावं, हा आग्रह धरायला हवा. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंच गनेडीवाला यांना उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची पेन्शन द्यावी, असा निकाल दिला.

उरली फौज. सैन्य आणि निमलष्करी दलं यांत जिल्ह्याच्या दोन्ही अंगांची पोरं आहेत. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात मारल्या गेलेल्या केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या जवानांत घाटाखालच्या मलकापूरचे संजय राजपूत होते आणि घाटावरच्या लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. त्या दिवशी अख्खा जिल्हा एक झाला.

सैन्यात भरती झालेला पोरगा कायम आहे की नाही, हा प्रश्न जुन्या काळी कुणी विचारत नसे. शिपाई म्हणून घेतला, पंधरा-सतरा वर्षं काढली, पेन्शन घेऊन आला, गावात मानानं राहिला, हे ठरलेलं होतं. १४ जून २०२२ ला 'अग्निपथ' योजना जाहीर झाली आणि हे बदललं. 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांची नोकरी. पहिल्या वर्षी ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के सेवानिधीत, हाती २१,०००. शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम करणार. जो प्रश्न डाक सेवकाच्या ओसरीवर होता, तो आता पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांपर्यंत येऊन पोचला.

बुलढाणा तालुक्यातलं पिंपळगाव सराई सैलानी बाबांच्या दर्ग्यामुळे लांबवर माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाव वेगळ्या कारणानं देशभर गेलं. तिथला अग्निवीर अक्षय लक्ष्मण गवते सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. ऑपरेटर म्हणून तो काम करत होता. कर्तव्यावर प्राण गेलेला तो पहिला अग्निवीर. घरच्यांना काय मिळणार, यावर लगेच वाद सुरू झाला आणि सैन्यानं आकडे जाहीर केले: विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, सेवानिधीतली रक्कम आणि मृत्यूच्या दिवसापासून चार वर्षं पुरी होईपर्यंतचा पगार, तो १३ लाखांच्या वर. याशिवाय युद्धग्रस्तांच्या कल्याण निधीतून ८ लाख. सगळं मिळून एक कोटीच्या पुढे. रक्कम कमी नाही आणि तिला कमी लेखणं त्या पोराचाच अपमान होईल. पण नेहमीच्या जवानाच्या घराला आयुष्यभर मिळणारी कौटुंबिक पेन्शन या यादीत नव्हती.

पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. तेव्हा शंभरातल्या पंचवीसांची नावं निघतील आणि गावोगाव तोच प्रश्न विचारला जाईल. पिंपळगाव सराईच्या त्या घरी चार वर्षांपैकी उरलेल्या महिन्यांचा पगार आधीच हिशेबात धरला गेला. चौथ्या वर्षाच्या शेवटी होणाऱ्या निवडीपर्यंत मात्र अक्षय पोचलाच नाही.