पुढच्या चाकांची दोन कामे

मुलांनो, तुम्ही मारुती ८०० ही मोटार पाहिली असेल. १९८३ साली ती भारतात आली. तिचे इंजिन पुढची चाके फिरवते. म्हणून ही चाके दोन कामे करतात. ती गाडी ओढतात आणि वळवतातही.

हौशी चालक अशा मोटारी मैदानावरच्या शर्यतीत चालवतात. वळणावर वेग जास्त झाला, की पुढच्या टायरांची पकड सुटते. स्टिअरिंग फिरवले तरी गाडी वळत नाही, बाहेर जाऊ लागते.

मग उपाय काय? चाके आणि गाडी यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. वळणावर गाडी झुकते व बाहेरच्या चाकांवर जास्त भार येतो. मेकॅनिक मागच्या स्प्रिंगा थोड्या कडक बसवतो. मग या वाढलेल्या भारातला मोठा वाटा मागचे चाक घेते. पुढच्या टायरचा ताण हलका होतो आणि गाडी चांगली वळते.

पण स्प्रिंगा फार कडक झाल्या आणि चालकाने वळणावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला, तर मागचा भाग घसरतो. गाडी गरकन फिरते! म्हणून हे चालक हेल्मेट घालतात, पट्टा बांधतात आणि मोकळ्या मैदानावरच सराव करतात.

रस्त्यावर मात्र वळण येण्याआधीच वेग कमी करावा. त्यातच शहाणपण आहे.